ब्रेक दाबला, नोंद झाली

समजा, तुम्ही ताशी 50 किलोमीटर वेगाने गाडी चालवताय. डावीकडून एक चेंडू टप्पे खात रस्त्यावर येतो. चेंडूमागे मूल धावत येणार हे ओळखून तुम्ही कचकन ब्रेक दाबता आणि गाडी दोन सेकंदांत जागच्या जागी उभी राहते. मूल येतं, चेंडू उचलतं, पळून जातं. छाती धडधडत असते, पण मनातल्या मनात तुम्ही स्वतःची पाठही थोपटून घेता.

गाडी कशी चालवता यावरून हप्ता ठरवणारं विमा कंपनीचं ॲप चालू असेल, तर नेमक्या त्याच क्षणी तुमच्या खात्यावर एक उणा शेरा पडलेला असतो. त्या नोंदीत चेंडू नसतो, मूल नसतं. तारीख, वेळ आणि वेग किती झटक्यात उतरला, एवढंच असतं.

ही नोंद करतो त्वरणमापक, म्हणजे ॲक्सिलरोमीटर. नखावर मावेल एवढ्या चिपमध्ये सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला असतो. बसने अचानक ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे झुकतात, तसाच हा तुकडाही झुकतो. त्याच्या कडेला कंगव्यासारखे दात असतात. समोरच्या स्थिर दातांपासूनचं त्यांचं अंतर बदललं की विद्युत धारिता, म्हणजे वीजभार साठवण्याची क्षमता, बदलते आणि त्यावरून धक्का किती जोराचा होता ते कळतं. मोबाइल आडवा केला की पडद्यावरचं चित्र फिरतं, तेही याच्याच जिवावर. अमेरिकेतल्या प्रोग्रेसिव्ह या विमा कंपनीच्या लेखी एका सेकंदात वेग ताशी 7 मैलांनी, म्हणजे साधारण 11 किलोमीटरने उतरला, की तो ‘हार्ड ब्रेक’. या हिशेबाने 50 वरून शून्यावर यायला साडेचार सेकंद तरी घ्यायला हवेत. चेंडूमागचं मूल तेवढा वेळ देत नाही.

विमा कंपनीची बाजू अगदीच पोकळ आहे असं मात्र नाही. वारंवार जोरात ब्रेक मारणारे चालक पुढच्या गाडीला खेटून चालवणारे असण्याची शक्यता जास्त, आणि विम्याचा सगळा धंदाच शक्यतांवर चालतो. हजारो चालकांचा एकत्र हिशेब मांडला तर हा ठोकताळा उपयोगी पडतो. पंचाईत होते ती तो एका माणसाला लावला की. त्वरणमापकाला ‘किती’ ते कळतं, ‘का’ ते कळत नाही.

ही माहिती गाडीबाहेर जाण्याच्या वाटा तीन. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टमध्ये, म्हणजे मेकॅनिक गाडी तपासायला यंत्र जोडतो त्या खाचेत, बसवलेलं छोटं उपकरण, मोबाइलमधलं ॲप आणि कारखान्यातूनच गाडीत बसून आलेलं सिम. पहिल्या दोन वाटा निदान आपल्याला ठाऊक असतात. तिसरीचं काय होतं, ते मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीस आणलं. शेव्हरोले बोल्ट चालवणाऱ्या एका अमेरिकी माणसाचा विम्याचा हप्ता 21 टक्क्यांनी वाढला होता. लेक्सिसनेक्सिस या माहिती विकणाऱ्या कंपनीकडून त्याने स्वतःचा अहवाल मागवला. त्यात त्याच्या कुटुंबाच्या सहा महिन्यांतल्या तब्बल 640 फेऱ्यांचा तपशील निघाला: कधी निघाले, कधी पोहोचले, किती अंतर, कुठल्या फेरीत किती वेळा जोरात ब्रेक मारला. ही माहिती पुरवली होती गाडी बनवणाऱ्या जनरल मोटर्सने. बातमीनंतर कंपनीने हा पुरवठा थांबवला. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या आयोगाने कंपनीवर कारवाई जाहीर केली. गाडीचं ठिकाण कधी कधी दर तीन सेकंदांना टिपलं जात होतं, असं आयोगाचं म्हणणं होतं. अशी माहिती लेक्सिसनेक्सिससारख्या ग्राहक अहवाल बनवणाऱ्या कंपन्यांना देण्यावर पाच वर्षांची बंदी घालण्यात आली.

लेक्सिसनेक्सिसच्या त्या अहवालात गाडी कुठे गेली याची नोंद मात्र नव्हती. विमा कंपन्याही हेच सांगून आपल्याला निश्चिंत करतात: ‘आम्ही ठिकाण नोंदवत नाही, फक्त वेग नोंदवतो.’ मला या वाक्यावर विसंबावंसं वाटत नाही. 2014 मध्ये अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी नेमका हाच दावा तपासला. हाताशी दोनच गोष्टी: प्रवास कुठून सुरू झाला ते ठिकाण आणि वेगाची नोंद. गाडी वळताना मंदावते, सिग्नलला थांबते, मोठ्या रस्त्यावर वेग घेते. वेगाचा हा चढउतार नकाशावरच्या रस्त्यांशी ताणून-आवळून जुळवत जायचं आणि जो मार्ग सगळ्यांत नीट बसेल तो धरायचा. सुमारे पाव फेऱ्यांच्या बाबतीत त्यांनी वर्तवलेलं मुक्कामाचं ठिकाण खऱ्या ठिकाणापासून 500 मीटरच्या आत निघालं. बाकीच्या फेऱ्यांत अंदाज चुकला, हे खरं. पण एकच माणूस त्याच रस्त्याने रोज जातो, आणि रोजच्या नोंदी एकावर एक ठेवल्या तर चुकायला जागा कमी उरते.

गाडी कोण चालवतंय हेही लपत नाही. 2016 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी 15 चालकांना एकच गाडी चालवायला दिली. प्रत्येकाच्या पंधरा मिनिटांच्या नोंदी संगणकाला शिकवल्यावर, नुसत्या ब्रेकच्या पेडलवरून तो जवळपास 90 टक्के वेळा योग्य चालक ओळखू लागला. गाडीतल्या इतर सेन्सरांची जोड दिल्यावर एकही चूक राहिली नाही. पाय कसा पडतो, ही सहीच म्हणायची.

पोलीस आणि सरकारी यंत्रणांचा रस्ता थोडा वेगळा आहे. एअरबॅगच्या नियंत्रकात अपघाताची नोंद ठेवणारी एक चिप असते. ती वेग, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर सतत टिपते आणि जुनं पुसत जाते. धडक बसली की शेवटचे काही सेकंद गोठवून ठेवते. 2015 च्या कायद्याने अमेरिकेत ही नोंद गाडीच्या मालकाची ठरली. त्याची संमती किंवा न्यायालयाचा आदेश अशा मोजक्या कारणांशिवाय ती इतरांना काढता येत नाही. युरोपीय संघात जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या मोटारीत ही चिप सक्तीची आहे. तिथे तर गाडीच्या ओळख क्रमांकाचे शेवटचे चार अंक तिने साठवायचेच नाहीत, असा नियम आहे. मोजके सेकंद, ठरलेलं कारण, ओळख पुसलेली. एखादी व्यवस्था विचार करून आखली की ती अशी दिसते.

नंबरप्लेट वाचणाऱ्या कॅमेऱ्यांचं तसं नाही. हे तंत्र ब्रिटिश पोलिसांच्या प्रयोगशाळेत 1976 मध्ये जन्मलं. नंबरप्लेट प्रकाश आला त्याच दिशेने परत फेकते, त्यामुळे इन्फ्रारेड दिव्याखाली ती अंधारातही लख्ख उठून दिसते. मग संगणक अक्षरं सुटी करून वाचतो आणि चोरीच्या वा हव्या असलेल्या गाड्यांच्या यादीशी ताडून पाहतो. इथपर्यंत कुणाची हरकत नसावी. पण यादीत नसलेल्या गाडीच्या नोंदीचं काय करायचं? अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात ती तीन मिनिटांत पुसावी लागते. ब्रिटनमध्ये ती बारा महिने राहते. दोन्हीकडे यंत्र तेच.

आणखी एक साठा आपण स्वतःच गाडीत भरत असतो. फोन गाडीच्या पडद्याशी जोडला की संपर्कांची यादी आणि कॉलच्या नोंदी तिथे उतरतात. शोधलेले पत्तेही साठतात. तपास यंत्रणांकडे हे सगळं उपसून काढणारी उपकरणं आहेत. जुनी गाडी विकताना आपण डिकी रिकामी करतो, सीटखाली हात घालून सुटी नाणीसुद्धा शोधतो. पडद्यावरच्या सेटिंगमधलं ‘फॅक्टरी रीसेट’ मात्र तसंच राहतं आणि मोबाइलमधल्या ॲपवर गाडी आपल्याच नावावर असते. तसं असलं की गाडी आत्ता कुठे उभी आहे, हे नव्या मालकाच्या नकळत जुन्या मालकाला दिसत राहतं.