चटणी नव्हे, पेढे अडतात

पोरगं जर्मनीला शिकायला निघालं की कोल्हापुरात कुणीतरी हमखास सांगतं, "चटणी नेऊ नको, विमानतळावर फेकून देतात." चूक. कांदा-लसूण चटणी म्हणजे मसालाच, आणि स्वतःपुरता कोरडा मसाला युरोपीय संघात नेता येतो. अडतात ते आईने प्रेमानं भरलेले दुसरे डबे: मटणाचं लोणचं, पेढे, साजूक तूप. जनावरांचे रोग पसरू नयेत म्हणून संघाबाहेरचे मांसाचे आणि दुधाचे पदार्थ प्रवाशांना नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही रोगमुक्तीच्या दाखल्याशिवाय नाही. नारळ मात्र चालतो, गंमतच आहे! चटणी मोठ्या बॅगेत, दुहेरी पिशवीत ठेवा; तेल सुटलं तर स्वेटरला वर्षभर कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजाराचा वास. रश्श्याचं मटण तिकडं तुर्की खाटकाकडं मिळतं.