प्रबंध छापला म्हणजे पुस्तक होत नाही

पीएच.डी. मिळाली की वर्षभरात ‘प्रबंध पुस्तकरूपाने प्रसिद्ध’ करायची आपल्याकडे रीतच पडली आहे. प्रकाशक मिळतो (पैसे लेखकाचेच), आयएसबीएन पडतो, प्रकाशन समारंभात शाल-श्रीफळ होते. आत तोच प्रबंध. काळ्या रेक्झिनची बांधणी जाऊन रंगीत मुखपृष्ठ आले, एवढाच काय तो बदल. अशी बाडे संपादनासाठी माझ्याकडे येतात आणि सोबतची विनंतीही ठरलेली असते: ‘भाषेवर जरा हात फिरवा, तळटीपा कमी करा, म्हणजे पुस्तक होईल.’

नाही होत.

प्रबंध म्हणजे काय, हे ज्याने तो लिहिला त्याला सांगायला नको. सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती आणि मर्यादा, पूर्वसंशोधनाचा आढावा, सहामाही प्रगती अहवाल, शेवटी मौखिकी, म्हणजे तोंडी परीक्षा. पुढे जाऊ.

वरवरचे फरकही झटकन उरकतो. जाडी हा फरक नव्हे. दीडशे पानांचे प्रबंध असतात आणि हजार पानांची पुस्तके. तळटीपाही नव्हेत. तळटीपांना घाबरणारा वाचक मला अजून भेटलेला नाही. घाबरतात ते प्रकाशक. आणि आयएसबीएन तर मुळीच नव्हे. तो ओळखक्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही. आपल्याकडे सरकारी यंत्रणेकडून तो फुकट मिळतो आणि पाककृतींच्या पुस्तकालाही मिळतो.

खरी गाठ वेगळीच आहे. परीक्षक प्रबंध उघडतो तेव्हा त्याला एकच गोष्ट ठरवायची असते: या उमेदवाराला संशोधन करता येते की नाही. त्यामुळे विषय कापसाचा असो की कीर्तनाचा, प्रबंध मुळात लेखकाबद्दल असतो. आढाव्याच्या प्रकरणात नावांची रांग लागते ती पुढच्या विवेचनाला प्रत्येक नाव हवे असते म्हणून नव्हे. आपण ती वाचली आहेत हे दिसावे म्हणून. संशोधनपद्धतीच्या प्रकरणाचेही तेच, आणि प्रत्येक प्रकरणाअखेर चिकटवलेल्या त्या ‘समारोपा’चेही. परीक्षेत हे योग्यच आहे. तिथे हिशेब द्यावाच लागतो.

पुस्तक हाती घेणाऱ्याने मात्र लेखकाला संशोधन येते हे धरूनच ते घेतलेले असते. त्याला परीक्षा घ्यायची नाही. काय घडले, आणि त्याबद्दल तुमचे म्हणणे काय, एवढेच त्याला हवे आहे. ‘प्रस्तुत संशोधिकेने खामगाव येथील कापूस बाजाराचा अभ्यास केला असता असे निदर्शनास आले की रेल्वेच्या आगमनाचा व्यापारावर परिणाम झाला.’ या वाक्यात कोण काय करते आहे? संशोधिका अभ्यास करते आहे. आता हे पाहा: ‘१८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा पोचला आणि कापूस तिथल्या बाजारातूनच आगगाडीत चढू लागला.’ संशोधिका बाजूला झाली आणि खामगाव दिसू लागले. हे नुसते भाषा सुधारणे नव्हे. दुसरे वाक्य लिहिणाऱ्याला पुढे सांगावेच लागते की त्यात कोणाचे साधले आणि कोणाचे बुडाले. पहिले वाक्य ‘परिणाम झाला’ म्हणून मोकळे होते.

यावर हमखास येणारा आक्षेप: बाबासाहेबांचे प्रबंध छापलेच ना? छापले, पण ते कसे ते बघा. कोलंबिया विद्यापीठाचा तेव्हा नियमच होता की प्रबंधाच्या छापील प्रती दाखल केल्याशिवाय पदवी नाही. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये निघाला आणि पीएच.डी. १९२७ मध्ये मिळाली. म्हणजे तिथे छापील ग्रंथ आधी, पदवी नंतर. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी लिहिलेला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ते सरळ भूमिका घेतात: हिंदुस्थानात चालवलेली सुवर्ण विनिमय पद्धत (सोन्याची नाणी न चालवता रुपयाचे मोल परकी चलनामार्फत सोन्याशी बांधण्याची) वाईट आहे. या पद्धतीचा कैवार अर्थतज्ज्ञ केन्सने १९१३ मध्येच घेतला होता, तरीही. गंमत पुढे आहे. पुस्तकाला प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची, आणि कॅनन तीत चक्क लिहितात की या पद्धतीवरचा आंबेडकरांचा रोष मला मान्य नाही, त्यांचे बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत. पण काही घाव मात्र अगदी नेमके बसले आहेत. मार्गदर्शकाला उघड असहमत होता यावे इतके ठाम म्हणणे पुस्तकात असले पाहिजे. आपल्याकडच्या छापील प्रबंधांत असहमत व्हायला जागाच सापडत नाही. ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ याला कोण विरोध करणार?

लोक प्रबंध मोडून नव्याने पुस्तक का लिहीत नाहीत तेही उघड आहे. प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठीच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत राष्ट्रीय प्रकाशकाच्या पुस्तकाला १० गुण आहेत आणि सामाजिक शास्त्रांतल्या एका शोधनिबंधालाही १०. प्रबंध नव्याने लिहायला आणखी तीन वर्षे घातली म्हणून अकरावा गुण मिळत नाही. शिवाय इतकी वर्षे परीक्षार्थी म्हणून लिहिल्यावर हात तसाच वळतो. नोकरी कायम होते, स्वतःचे विद्यार्थी येतात, तरी लेखणी ‘असे म्हणता येईल’च्या पलीकडे जायला धजत नाही. पन्नाशीतले प्राध्यापक अदृश्य परीक्षकाला उद्देशून लिहिताना दिसतात तेव्हा माझा फार जीव जळतो.

माझा सल्ला कडक वाटतो, पण बदललेला नाही. पहिली दोन प्रकरणे आणि शेवटचे काढून टाका. प्रत्येक समारोप काढा. मग जो शोध तुमचा स्वतःचा आहे, जो तुमच्याआधी कोणी लावला नव्हता, तिथून पहिले पान सुरू करा. असा शोध एकच असेल आणि तो वीस पानांत मावत असेल, तर पुस्तकाचा हट्ट सोडून चांगला निबंध लिहा. पुष्कळ उत्तम प्रबंधांत मुळात पुस्तक नसते, आणि त्यात कमीपणा काही नाही. कोष्टके आणि प्रश्नावल्या वाया जात नाहीत. मूळ प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन संग्रहावर, चढवलेला असतो. ज्याला तपशील हवा तो तिथून फुकट उतरवून घेईल. त्याला तोच मजकूर पाचशे रुपयांना विकायचे कारण नाही.