ब्लोअर, निर्वात वहनातील पर्यायी

दाणेदार किंवा भुकटीच्या स्वरूपातील माल हवेच्या ओढीने नळीतून वाहून नेणाऱ्या संयंत्रात मूळ ब्लोअर निकामी झाल्यास, किंवा त्याचे सुटे भाग मिळेनासे झाल्यास, त्या जागी दुसऱ्या बनावटीचा वा दुसऱ्या जातीचा ब्लोअर बसवावा लागतो. मूळ यंत्र बहुधा दोन किंवा तीन लोबचा रूट्स ब्लोअर असते, म्हणजे एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन चाकांच्या पाकळ्यांनी (लोब) हवा पुढे ढकलणारे यंत्र. पुढील विवेचन मुख्यतः त्याला धरून आहे.

हे यंत्र अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावचे फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंच्या नावाने ओळखले जाते. लोकरीच्या गिरणीतील पाणचक्कीला पर्याय शोधताना त्यांच्या लाकडी यंत्रातून हवेचा झोत निघाला आणि फोरमनची टोपी उडाली, अशी कथा सांगितली जाते. ती मागाहून रंगवलेली असावी. शोधाचे साल काही ठिकाणी १८५४, तर काही ठिकाणी १८५९ असे दिलेले आढळते. पेटंट मात्र १८६० चे आहे आणि लेखी पुरावा म्हणून तेच धरून चालणे बरे. एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन चाकांचा पंप युरोपात सतराव्या शतकात पापेनहाइम यांच्या नावावर सापडतो. त्यामुळे रूट्स बंधूंचे श्रेय मूळ कल्पनेचे नसून ती हवेसाठी व्यवहारात आणण्याचे, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. न्यूयॉर्कमध्ये १८७० साली आल्फ्रेड बीच यांनी उभारलेल्या भुयारी वायुरेल्वेला रूट्स ब्लोअरच होता. तो डबा ढकलत नेई आणि परतीला ओढून आणी. जहाजातील धान्य ओढून काढण्याची पद्धत लंडनच्या मिलवॉल गोदीत फ्रेडरिक डकहॅम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली.

पर्याय निवडताना नेमप्लेटवरचा हवेच्या आकारमानाचा आकडा जुळवून भागत नाही, कारण तो कोणत्या दाबाच्या हवेचा आहे हे नेमप्लेट क्वचितच सांगते. समजा, नळीचा आतील व्यास १०० मिमी आहे आणि माल उचलण्याच्या जागी हवेचा वेग सेकंदाला २० मी. हवा आहे. तेथे ताशी सुमारे ५६५ घनमीटर हवा आत आली पाहिजे. ब्लोअरच्या तोंडाशी, म्हणजे हवा आत घेण्याच्या बाजूला, दाब वातावरणापेक्षा ४०० मिलिबारने कमी असेल (ही ‘ओढ’; तबकडीवर सुमारे ३०० मिमी पारा), तर निरपेक्ष दाब १०१३ वरून ६१३ मिलिबारवर येतो. तापमानातला फरक सोडला, तर तीच हवा फुगून ताशी सुमारे ९३४ घनमीटर होते. ब्लोअरला एवढे आकारमान ओढावे लागते, शिवाय रोटरी व्हॉल्व (माल पुढे सोडून हवा अडवणारे फिरते दार) आणि जोडांमधली गळती वेगळी. याउलट तोंडाशी ताशी ६०० घनमीटर ओढणारे यंत्र ‘५६५ ला पुरून उरेल’ म्हणून बसवले, तर उचलण्याच्या जागचा वेग १३ मीटरच्याही खाली जातो. मग आडव्या नळीच्या तळाशी माल बसू लागतो, पुढे नळी तुंबते आणि दोष मात्र फिल्टरवर येतो. उंचीचाही परिणाम होतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मी. उंच असून तेथील हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास असतो. त्यामुळे भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यात तितक्याच ओढीला वरील आकारमान आणखी साडेचार टक्क्यांनी वाढते.

पुली बदलून फेरे वाढवले की आकारमान जवळपास त्याच प्रमाणात वाढते आणि लागणारी शक्तीही. फेरे कमी करण्यात धोका निराळा आहे. लोबच्या फटींतून परत सरकणारी हवा मुख्यतः दाबाच्या फरकावर अवलंबून असते, फेऱ्यांवर फारशी नाही. म्हणून मोठा ब्लोअर सावकाश फिरवला, तर ओढलेल्या हवेतला बराच वाटा मागे जातो आणि यंत्र तापते. विरळ हवा उष्णताही कमी वाहून नेते. साधा कोरडा रूट्स ब्लोअर सुमारे ५०० मिलिबारच्या ओढीपलीकडे सहसा चालवत नाहीत, ते यामुळेच. त्यापलीकडे थंड हवा मधल्या पोकळीत सोडणारी रचना, क्लॉ पंप (नखीच्या आकाराच्या दोन चाकांचा) किंवा पाण्याच्या कड्याचा पंप (फिरत्या पाण्याच्या कड्याने हवा कोंडणारा) असे पर्याय उरतात.

साइड चॅनल ब्लोअर (फिरत्या पात्यांनी बाजूच्या गोल खोबणीतून हवा रेटणारा) प्लॅस्टिकचे दाणे यंत्रावरच्या टाकीत भरणाऱ्या छोट्या हॉपर लोडरसाठी चालतो. मात्र ओढ वाढली की त्याची हवा झपाट्याने घटते. नळी तुंबू लागते नेमकी तेव्हाच तो कमी पडतो. केंद्रोत्सारी पंखा फक्त थोड्या अंतरासाठी, हलक्या मालासाठी.

दाबासाठी बनलेला ब्लोअर ओढीसाठी वापरताना जोडसामान बदलावे लागते. बाहेरच्या बाजूचा सेफ्टी व्हॉल्व येथे निरुपयोगी असतो. आतल्या बाजूला, ठरलेल्या ओढीला उघडून बाहेरची हवा आत घेणारा व्हॉल्व हवा. ब्लोअरपूर्वी फिल्टर असावाच, कारण एक पिशवी फाटली तरी भुकटी थेट लोबच्या फटीत जाते. यंत्र थांबताच बाहेरची हवा मागे धावून लोब उलटे फिरवते, म्हणून एकदिशा व्हॉल्वही लागतो. ऑइल सीलकडे विशेष लक्ष द्यावे लागते: गिअरकडील पोकळी वातावरणाच्या दाबाला आणि लोबची बाजू ओढीखाली, अशा स्थितीत तेल आत खेचले जाते. ते टाळण्यासाठी सील आणि लोब यांच्यामधली जागा बाहेरच्या हवेला खुली ठेवतात. खाद्यपदार्थांच्या संयंत्रात ही सोय नसलेला ब्लोअर स्वस्तात मिळत असला तरी घेत नाहीत.