पेठेतल्या कार्यक्रमाला केंद्राचं अनुदान हवंय? आधी परिशिष्ट १ चा उतारा काढा

गेल्या काही महिन्यात बऱ्याच मंडळांनी हेच विचारलं म्हणून सगळं एकदाच लिहितो. चिपळूण, मालवण, सावंतवाडी, कुठलीही जुनी पेठ घ्या, वरचे माळे बंद, दिवेलागणीनंतर सामसूम. तिथेच नमन, जाखडी, दशावतार, चित्रांचं प्रदर्शन असं काही केलं तर लोक परत पेठेत येतील असं वाटणारी आणि त्यासाठी राबायला तयार असलेली माणसं खूप आहेत. अर्ज मात्र परत येतात, आणि ते कागदांपायी.

योजना संस्कृती मंत्रालयाची, नाव कल्चरल फंक्शन अँड प्रॉडक्शन ग्रँट. महोत्सव, कार्यशाळा, प्रदर्शन, नाटक यासाठी साधारण ५ लाखापर्यंत, तेही खर्चाच्या ७५ टक्क्यांच्या आत, म्हणजे उरलेले पैसे तुम्हीच उभे करायचे. संस्थेच्या नोंदणीला किमान ३ वर्षं झालेली हवीत. "आमचं मंडळ आजोबांच्या काळापासून आहे" हे तिथे चालत नाही, नोंदणी दाखल्यावर जी तारीख आहे तिथून ३ वर्षं. एनजीओ दर्पणचा, म्हणजे संस्थांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या पोर्टलचा, नंबर लागतो, तो ऑनलाइन मिळतो, संस्थेचं पॅन आणि तीन पदाधिकाऱ्यांचे आधार-पॅन जवळ ठेवा. ऑडिट झालेले हिशोब लागतात. हे सगळं होऊन जातं.

अडतं ते पुढे. आपल्याकडे १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदणी झाली तरी १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही करावी लागते, आणि धर्मादाय कार्यालयातल्या न्यासांच्या नोंदवहीत, म्हणजे परिशिष्ट १ ला, ज्यांची नावं तेच कागदोपत्री विश्वस्त. आता जुन्या मंडळाचा उतारा काढून बघा. मी पाहिलेल्या एका उताऱ्यावर सातातले चार जण वारलेले, दोघं मुंबईला, आणि आत्ताचे अध्यक्ष-सेक्रेटरी जे गेली दहा वर्षं सगळं करतायत त्यांचं नावच नाही! मग दर्पणवर वेगळी नावं, बँकेत वेगळी, उताऱ्यावर तिसरीच, आणि अर्ज गेला परत.

यावर उपाय चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय कार्यालयाला रीतसर कळवणं. त्याच १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसात द्यायचा असतो. बदल म्हणजे निवड झाली तो दिवस, पुढच्या सभेत इतिवृत्त कायम झालं तो नव्हे, यात खूप जण फसतात. मुदत गेली असेल तर उशीर माफीचा अर्ज सोबत जोडा, कारण खरं लिहा, खर्च भरायला लागू शकतो. आणि मधल्या निवडणुकांचे रिपोर्ट राहिले असतील तर तेही क्रमाने द्यायचे, शेवटचा एकच देऊन भागत नाही. वारलेल्यांचा मृत्यू दाखला लागतो आणि माणूस मुंबईत वारला असेल तर दाखला तिथल्या पालिकेतून आणायचा. गावातल्या माणसाने एका कागदासाठी किती खेपा घालायच्या हे टेबलापलीकडे कोणाला सुचत नाही याचा खरंच राग येतो, पण म्हणूनच लवकर सुरुवात करा.

चिपळूणवाल्यांसाठी वेगळं सांगतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात दुकानातल्या मालाबरोबर कपाटातले कागदही गेले. मूळ दाखला नाही म्हणून कोणी नवीन संस्था काढायला निघालं तर थांबवा त्यांना, तीन वर्षं परत शून्यापासून मोजायला लागतील. धर्मादाय कार्यालयात नक्कल अर्ज करा, प्रमाणित प्रत मिळते.

दुसरं, आवाज. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर बंद हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या नियमात वाद्यंही येतात, त्यामुळे "माईक नाही लावत, नुसता मृदंग" म्हणून सुटका होत नाही. वर्षातले ठरावीक १५ पर्यंत दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते, ती यादी जिल्हाधिकारी कार्यालयातून आधी बघा आणि मगच तारीख छापा. रात्रभराचा दशावतार असेल तर बंदिस्त सभागृह धरा किंवा खेळ लवकर लावा.

आणि जागा. माळा वापरायला, संस्थेचा पत्ता तिथे दाखवायला मालकाची ना हरकत लागते. मालक कोण? प्रॉपर्टी कार्डावर पंधरा-सोळा नावं, आजोबांच्या नंतर वारस तपासच झालेला नाही. घरपट्टी एक चुलता भरतो म्हणून त्याची एकट्याची सही घेऊन अर्ज टाकला तर दुसऱ्या चुलत्याच्या एका तक्रारीत सगळं अडकतं. माझं ऐका, गणपतीला सगळे चाकरमानी घरी येतात, ना हरकतीचा मजकूर आधीच टाइप करून ठेवा, प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स तेव्हाच मागा, आणि विसर्जनाच्या आधी सह्या घेऊन टाका, कारण दुसऱ्या दिवशी निम्मे गाडीत असतात.