जीवरक्षक (कृष्णाकाठ, सांगली)

बुडणाऱ्याला पाण्यातून सुखरूप बाहेर काढणारी आणि मुळात कोणी बुडूच नये म्हणून पाण्यावर अखंड नजर ठेवणारी प्रशिक्षित व्यक्ती. सांगलीत हे काम जलतरण तलावावर पगारी नोकरी म्हणून चालते. कृष्णेच्या घाटांवर ते बरेचसे स्वयंसेवकांच्या खांद्यावर आहे. तलावाचा तळ दिसतो, खोली ठरलेली असते. नदीत दोन्ही नाही.

कृष्णाकाठची मुले पाठीला डबा किंवा वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकतात, पुढे मुटके आणि सूर मारतात, मग पात्र पार करतात. पट्टीच्या पोहणाऱ्यांची इथे वानवा नाही. पण पट्टीचा पोहणारा म्हणजे जीवरक्षक नव्हे, आणि हा गैरसमज जिवावर बेततो. घाबरलेला माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो आणि वाचवणाऱ्यालाही खाली नेतो. म्हणून प्रशिक्षणात क्रम ठरलेला असतो: आधी काठावरून हात किंवा काठी, मग दोर अथवा हवा भरलेली ट्यूब, मग नाव, स्वतः उडी अगदी शेवटी. उतरावेच लागले तर पाठीमागून जायचे आणि दोघांच्या मध्ये ट्यूब ठेवायची. तरीही मिठी बसलीच, तर आपण खाली बुडी मारायची. बुडणाऱ्याला वर राहायचे असते, तो पकड सोडतो.

दोर फेकणे ही स्वतंत्र विद्या आहे. तो बुडणाऱ्याच्या पलीकडे, अंगावरून आडवा पडला पाहिजे. त्याने धरला की फेकणाऱ्याने पाय रोवून खाली बसायचे. उभ्या माणसाला धार खेचून नेते. ओढत बसण्याची फारशी गरज नसते, ताणलेल्या दोरावर प्रवाहच माणसाला काठाला लावतो.

या कामात सर्वांत अवघड आहे ते ओळखणे. बुडणारा हात हलवून ‘वाचवा, वाचवा’ ओरडतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तोंड जेमतेम पाण्याच्या पातळीवर, मान मागे टाकलेली, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबताहेत आणि आवाज अजिबात नाही, असे ते दृश्य असते. मिळेल तो श्वास आत घेण्यातच जातो, ओरडायला उरत नाही. अशी धडपड बहुधा मिनिटभरही टिकत नाही. शेजारी पोहणाऱ्यांना तो खेळतोय असे वाटते. म्हणूनच पाहऱ्यावर मोबाईल नको, गप्पा नकोत, आणि नजर थकण्याआधी पाळी बदलली पाहिजे.

कृष्णेची म्हणून काही जाण वेगळी लागते. बंधाऱ्यावरून पडणारे पाणी खाली उलटे फिरते आणि माणसाला पुन्हा भिंतीकडे ओढते. वरून ते शांत दिसते, हाच धोका. भिलवडी, औदुंबर या पट्ट्यात मगरी आहेत. पावसाळ्यात सांगलीत थेंब नसतानाही पाणी चढते, कारण कोयना धरणातून सोडलेले पाणी कराडला कृष्णेत येते आणि हरिपूरला वारणाही मिळते. १९२९ साली खुल्या झालेल्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी बोट उलटून १७ जणांचा जीव गेला. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. पुराच्या पाण्यात बोट चालवणाऱ्याने ‘आता आणखी कोणी नको’ असे ठामपणे म्हणणे आणि जाकीट घातल्याशिवाय कुणालाही न बसवणे, हेही जीवरक्षणच आहे.

जीवरक्षक होण्यासाठी न थकता दूरवर पोहता यावे, वजन घेऊन पोहता यावे, बुडी मारून तळातली वस्तू आणता यावी, आणि प्रथमोपचार पक्के असावेत. गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत जीवरक्षणाचे अभ्यासक्रम चालतात. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्थानिक स्वयंसेवकांना आपत्तीतील मदतीचे प्रशिक्षण मिळते. प्रमाणपत्र मिळाले तरी सराव सुटता कामा नये.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार आजही घाटावर दिसतात. ते घातक आहेत. पोटातले अन्न घशात येऊन श्वासनलिकेत जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, कारण बुडालेल्याला सर्वप्रथम प्राणवायू हवा असतो. मग छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या वेगाने दाब, दर ३० दाबांनंतर २ श्वास. मदत येईपर्यंत थांबायचे नाही. माणूस शुद्धीवर येऊन ‘मी ठीक आहे’ म्हणाला तरी त्याला रुग्णालयात न्यावेच लागते. फुफ्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.