चित्रपट ब्रिटिश असला म्हणून नट ब्रिटिश होत नाही

किलियन मर्फी ब्रिटिश नाही. तो कॉर्कचा, आणि कॉर्क येतं आयर्लंड या स्वतंत्र प्रजासत्ताकात. कॉलिन फॅरेल, बॅरी कियोगन, अँड्र्यू स्कॉट डब्लिनचे, पॉल मेस्कल मेनूथचा, केरी काँडन टिपररीची. मराठी परीक्षणांत, फोटोओळींत, प्रश्नमंजूषांत या सगळ्यांच्या नावामागे ‘ब्रिटिश’ सर्रास लागतं. आयर्लंडचा हा भाग 1922 साली लढून वेगळा झाला. तिथल्या माणसाला शंभर वर्षांनंतरही ब्रिटिश म्हणणं किती खटकेल, हे निदान आपल्याला तरी समजावून सांगावं लागू नये.

ब्रिटिश आणि इंग्रज यांतला फरक त्यामानाने सोपा. मराठीत राज्यकर्ते म्हणजे ‘इंग्रज’, म्हणून सगळे ब्रिटिश आपल्याला इंग्रजच वाटतात. शॉन कॉनरी एडिंबराचा, म्हणजे स्कॉटिश. त्याला ब्रिटिश म्हटलेलं चालेल, इंग्रज म्हटलेलं चालणार नाही. जेम्स बाँडच्या अधिकृत मालिकेतले नटच पाहा: रॉजर मूर आणि डॅनियल क्रेग तेवढे इंग्रज. कॉनरी स्कॉटिश, जॉर्ज लॅझनबी ऑस्ट्रेलियन, टिमथी डाल्टनचा जन्म वेल्समधला, आणि पिअर्स ब्रॉस्नन आयर्लंडमधल्या ड्रॉहडाचा. हेर ब्रिटनचा, पण त्याचं नागरिकत्व नटाला चिकटत नाही. मर्फीला मात्र ते चिकटवलं गेलं. ‘पीकी ब्लाइंडर्स’ या मालिकेत तो बर्मिंगहॅमचा टॉमी शेल्बी इतका चोख उभा करतो, की लोक त्यालाही तिथलाच समजतात.

खरी मेख आहे ती चित्रपटाच्या राष्ट्रीयत्वात. ‘द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन’ घ्या. कथा 1923ची, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळच्या एका काल्पनिक बेटावरची. चित्रीकरण इनिशमोर आणि अॅकिल या बेटांवर. चारही प्रमुख कलाकार आयरिश. आणि 2023 साली त्याला बाफ्टाचा, म्हणजे ब्रिटिश चित्रपट अकादमीचा, पुरस्कार मिळाला तो उत्कृष्ट ब्रिटिश चित्रपटाचा! त्याआधी 2016मध्ये ‘ब्रुकलिन’लाही तोच मिळाला होता. त्याची नायिका सर्शा रोनन, दिग्दर्शक कॉर्कचा जॉन क्राउली, आणि गोष्ट आयर्लंडमधल्या एनिस्कॉर्थीहून अमेरिकेला जाणाऱ्या मुलीची. पुरस्काराचं नाव वाचून लोक कलाकारांनाही ब्रिटिश ठरवतात, आणि घोळ सुरू होतो.

ब्रिटनमध्ये चित्रपट ‘ब्रिटिश’ ठरतो तो प्रमाणपत्राने. त्यासाठी बीएफआयची (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटची) सांस्कृतिक चाचणी असते: 35 गुणांची, उत्तीर्ण व्हायला 18 लागतात. कथा कुठे घडते, पात्रं कुठली, मूळ साहित्य कुणाचं, संवाद कोणत्या भाषेत, चित्रीकरण, व्हीएफएक्स आणि ध्वनीचं काम कुठे झालं, पडद्यामागची माणसं कुठली, असे सगळे गुण एकत्र मोजतात. एकट्या संवादांच्या भाषेला 6 गुण आहेत, प्रमुख कलाकारांसाठी जेमतेम 1. शिवाय बऱ्याच निकषांत ब्रिटनबरोबर युरोपीय आर्थिक क्षेत्रातले देशही धरले जातात, आणि त्यात आयर्लंड येतो. म्हणजे आयरिश कथा, आयरिश पात्रं, आयरिश नट घेऊनही चित्रपट या चाचणीत आरामात बसू शकतो. चाचणी टाळायची असेल तर दुसरी वाट सहनिर्मिती कराराची. त्या वाटेने गेलेला चित्रपट एकाच वेळी दोन-तीन देशांचा अधिकृत चित्रपट असतो. तिथे ‘ब्रिटिश की आयरिश?’ हा प्रश्नच चुकीचा.

हा खटाटोप करसवलतीसाठी. प्रमाणपत्र मिळालं की निर्मात्याला ब्रिटनमध्ये सवलतीस पात्र ठरणाऱ्या खर्चावर कर-क्रेडिट मिळतं. 2024पासून मूळ दर 34 टक्के. आयर्लंडमध्ये ‘सेक्शन 481’ या करकलमाखाली 32 टक्के. प्रमाणपत्र हा पैशाचा कागद आहे, कुणाच्या ओळखीचा दाखला नव्हे.

बाफ्टा त्यावर स्वतःची अट घालते: ब्रिटिश व्यक्तींचा भरीव सर्जनशील सहभाग हवा. ‘बॅन्शीज’चा लेखक-दिग्दर्शक मार्टिन मॅकडोना आयरिश आई-बापांचा, पण जन्मला लंडनमध्ये. ‘ब्रुकलिन’ची पटकथा इंग्रज निक हॉर्नबीची. ‘ग्रॅव्हिटी’ला 2014मध्ये हाच पुरस्कार मिळाला तेव्हा दिग्दर्शक मेक्सिकन होता, सँड्रा बुलक आणि जॉर्ज क्लूनी अमेरिकन. मात्र काम शेपर्टनच्या स्टुडिओत आणि लंडनच्या व्हीएफएक्स कंपनीत झालं होतं, आणि डेव्हिड हेमन हा एक निर्माता इंग्रज होता. त्या पुरस्कारामुळे बुलकला कुणी ब्रिटिश म्हटलं नाही. मग ‘बॅन्शीज’च्या फॅरेललाच का?

घरचं उदाहरण ‘गांधी’चं. ब्रिटन आणि भारताची ती सहनिर्मिती. वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना ऑस्कर मिळालं, कस्तुरबांच्या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांना बाफ्टा. त्यांना ‘ब्रिटिश कलाकार’ म्हणण्याचं आपल्या स्वप्नातही येत नाही. तोच न्याय मर्फीला लावा.

भाषेवरूनही देश ठरवू नये. ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ मुख्यतः जर्मन भाषेत, चित्रीकरण पोलंडमध्ये, आणि तो ब्रिटनची प्रवेशिका म्हणून आंतरराष्ट्रीय चित्रपटाचं ऑस्कर जिंकला.

उत्तर आयर्लंडपाशी मात्र सावकाश लिहावं. तो भाग युनायटेड किंगडममध्ये आहे, पण 1998च्या ‘गुड फ्रायडे’ शांतता करारानुसार तिथल्या लोकांना स्वतःला ब्रिटिश, आयरिश किंवा दोन्ही मानण्याचा हक्क आहे. लिअम नीसन बॅलिमीनाचा, केनेथ ब्राना आणि किरान हाइंड्स बेलफास्टचे. सरसकट ‘ब्रिटिश’ किंवा ‘आयरिश’ ठोकण्यापेक्षा ‘उत्तर आयर्लंडचा’ लिहावं. ते कधीच चुकत नाही. एकाच शहरातले दोन चित्रपट पाहा. ब्रानाचा ‘बेलफास्ट’ 2022मध्ये बाफ्टाचा उत्कृष्ट ब्रिटिश चित्रपट ठरला, तर त्याच बेलफास्टच्या आयरिशभाषी रॅपरांवरचा ‘नीकॅप’ ऑस्करला पाठवला आयर्लंडने.

जन्मस्थळ पाहून निकाल लावण्याची घाईही नको. रोनन जन्मली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये, वाढली आयर्लंडमध्ये. मायकल फासबेंडर जर्मनीत हायडेलबर्गला जन्मला, वाढला आयर्लंडच्या किलार्नीत. उलट मायकल गॅम्बन डब्लिनला जन्मून लहानपणीच लंडनला गेला आणि ब्रिटिश नागरिक झाला. डॅनियल डे-लुईस लंडनचा, पण त्याच्याकडे आयरिश नागरिकत्वही आहे. क्रम असा ठेवा: माणूस स्वतःला काय म्हणवतो, मग नागरिकत्व, मग बालपण, आणि शेवटी जन्मगाव.

उच्चारांची सबब तर देवनागरीत लिहिणाऱ्याने सांगूच नये. आयरिश नावांतला ‘सी’ म्हणजे ‘क’, म्हणून किलियन, किरान, ‘सिलियन’ नव्हे. रोननचं नाव ती स्वतः ‘सर्शा’ असं उच्चारते. ‘बॅन्शीज’मधल्या ब्रेंडन ग्लीसनांचा मुलगा डोनल. त्याच्या स्पेलिंगमधले ‘एम’ आणि ‘एच’ उच्चारायचे नाहीत.