गिव्ह : इंग्रजीतलं 'देणं' आणि त्याच्या जोड्या

इंग्रजीतल्या 'गिव्ह' या रोजच्या क्रियापदाला अप, इन, अवे, आऊट, ऑफ, ओव्हर, बॅक असले छोटे शब्द लागून जी रूपं होतात त्यांची ही नोंद. 'गिव्ह बॅक'मध्ये देणं शाबूत आहे, पण 'गिव्ह अप'मध्ये कोणी कोणाला काही देत नाही, नाद सोडतो, आणि 'गिव्ह इन' म्हणजे तर हट्टापुढे मान तुकवणं. अशा जोडीला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. हे नाव अलीकडचं आहे, लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ मध्ये ते छापलं आणि सुचवल्याचं श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिलं. सॅम्युअल जॉन्सन यांच्याकडे हे नाव नव्हतं, पण आपल्या १७५५ च्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत परक्यांना सगळ्यात जास्त अडतं ते इथंच असं त्यांनी लिहून ठेवलंय, आणि तिथल्या उदाहरणांत 'गिव्ह ओव्हर' (थांबणं) आहे. उत्तर इंग्लंडमध्ये पोरांना 'पुरे आता' म्हणायला हे अजून ऐकू येतं.

वाद आहे तो उगमाचा. आधी मूळ शब्दच घ्या. अर्थ एक असला तरी संस्कृत 'दा'शी गिव्हचं नातं नाही, दा ची लॅटिन बहीण 'दारे'. गिव्हला बहुतेक कोश लॅटिन 'हाबेरे'च्या (जवळ असणं) घरात बसवतात, तेही जरा बिचकतच. जुन्या इंग्रजीत गिव्हच्या पहिल्या अक्षराचा उच्चार 'य'सारखा होता आणि लंडनचा कवी चॉसर याच्याकडे चौदाव्या शतकातही य ची रूपं सापडतात, मग आजचा कडक 'ग' आला कुठून? तर उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या बोलीतून, असं सर्वसाधारणपणे मानतात.

आता 'अप'. जुन्या इंग्रजीत हे काम उपसर्ग करायचे, सोडून देणं याला गिव्हच्याच पूर्वजाला 'ऑफ' हा उपसर्ग पुढून चिकटवून शब्द होता. तो गेला, 'फरगिव्ह' तेवढा त्या पिढीतला टिकला. 'गिव्ह अप'च्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक पूर्व इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या मठातल्या बखरीत मिळतं : ११३२ सालाखाली लिहिलंय की राजानं मठाधिपती हेन्रीला मठाची गादी 'गिव्ह अप' करायला लावली आणि देशाबाहेर काढलं. मात्र ११३२ ते ११५४ हा भाग बहुधा ११५४ च्या सुमारास मागाहून एकदम लिहिलेला, म्हणजे वापर बाराव्या शतकाच्या मध्याचा धरणं बरं. हा सगळा पट्टा डेन लोकांच्या वसाहतीचा आणि त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेत 'गेफा उप्प' तयारच होतं, शिवाय त्या भाषेनं आपले उपसर्ग आधीच टाकून दिले होते, म्हणून काहीजण मागून छोटा शब्द जोडायची ही पद्धतच उसनी मानतात. पण जर्मनमध्ये 'आउफगेबेन', डचमध्ये 'ओपगेव्हन' आहेच, तेव्हा बीज घरचं आणि नॉर्सनं खतपाणी घातलं हे म्हणणं जास्त पटतं.

व्याकरणातली मेख सर्वनामाची. 'गिव्ह अप स्मोकिंग' चालतं, 'गिव्ह स्मोकिंग अप' पण चालतं, पण 'इट' आलं की ते मध्येच बसणार, 'गिव्ह इट अप', उलटं केलं की वाक्य मोडलं. याउलट 'खिडकी बागेकडे उघडते' या अर्थाच्या 'गिव्ह ऑन टू'मध्ये बाग शेवटीच येणार, कारण तिथं 'टू' शब्दयोगी आहे. बोलताना जोर 'अप'वर पडतो, 'टू'वर नाही. क्वर्क आणि सहकाऱ्यांच्या १९८५ च्या व्याकरणात या जातींना वेगवेगळी नावं आहेत, हडलस्टन आणि पुलम (२००२) यांना मात्र फ्रेजल व्हर्ब हे नावच मान्य नाही.

क्रिकेटमधलं 'गिव्ह आऊट' याच खात्यात टाकतात, ते जरा चुकतंच. पत्रकं वाटली तर 'गेव्ह आऊट द लीफलेट्स' होतं, पण अंपायरनं बॅट्समनला बाद दिलं तर 'गेव्ह द बॅट्समन आऊट'च, कारण हा 'आऊट' बॅट्समनची अवस्था सांगतो, क्रियापदाचा सोबती नाही. आपण 'अंपायरनं आऊट दिला' म्हणतो त्यात ही घडण अख्खीच उतरलीय.

मराठीत जोड मागून लागतो आणि गंमत म्हणजे तो 'देणे'च असतो : सोडून दे, टाकून दे, जाऊ दे. 'गिव्ह अप'चं भाषांतर 'सोडून देणे' करताना हे ध्यानात येत नाही. दोन्हीकडे देणारा आहे, घेणारा कोणीच नाही, पण इंग्रजीत अर्थाला वळण देतो तो 'अप' आणि आपल्याकडे मूळ अर्थ 'सोडणं' सांभाळतं, 'देणे' फक्त हात झटकतं. इंग्रजीतल्या जुन्या उपसर्गांशी ताडून बघायचं तर संस्कृतकडे जावं लागतं, 'दा' म्हणजे देणं आणि 'आ' लागला की 'आदान' म्हणजे घेणं, आणि वैदिक भाषेत तर हे उपसर्ग क्रियापदापासून सुटे, वाक्यात लांबही पडलेले दिसतात.